षटकोनी गोधडी

३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ८.००

निर्णय झाला. नातीच्या बारशाला गोधडी मी स्वतः शिवणार.

कारण लिहून ठेवतो. काल संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. बायको नलिनी तीन आठवडे कांदिवलीला मुलीकडे, स्वरदाकडे आहे, बाळंतपणासाठी. बाळ एका जयपुरी रजईत गुंडाळलेलं. रजई जावयाच्या, मिहिरच्या आईची, इरावतीबाईंची भेट. सगळे तिच्यावरून हात फिरवून "कित्ती सॉफ्ट, कित्ती सॉफ्ट" करत होते. मशीनचं काम. टाके सरळ येणारच, त्यात कौतुक कसलं?

नलिनीला विचारलं, तू का नाही शिवलीस? म्हणाली, वेळ नाही झाला, बारशानंतर शिवेन. खरं कारण मला माहीत आहे. तीस वर्षं गोधड्या शिवतेय, पण तिच्या टाक्यांच्या ओळी कधीही समांतर नसतात. एकदा घरी पाहुणे असताना मी फूटपट्टी लावून दाखवलं होतं. चार मिलिमीटरचा फरक. सगळे हसले. तीसुद्धा हसली. तेव्हापासून मी घरात असलो की ती शिवणाचं सामान बाहेर काढत नाही. मी रिटायर होऊन चार वर्षं झाली, म्हणजे शिवण बंदच म्हणायचं. सुधारायची इच्छाच नाही.

मी अडतीस वर्षं पंपांच्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होतो. गोधडी म्हणजे कापडाचे चार थर आणि दोरा. बारसं रविवारी, १२ तारखेला. हातात नऊ दिवस. मला दोन पुरतील.

बाळाला प्रत्यक्ष एकदाच पाहिलंय, हॉस्पिटलात. "नाक मिहिरकडचं आलंय, पण वयाबरोबर बसेल," असं मी स्वरदाला धीर देण्यासाठी म्हणालो. तिला लगेच विश्रांतीची गरज वाटली. मिहिर मला लिफ्टपर्यंत सोडायला आला, लिफ्ट येईपर्यंत बटण दाबत राहिला. चांगला मुलगा आहे.

४ जानेवारी, शनिवार. दुपारी १२.३०

ड्रॉइंग तयार. ए-टू शीट, स्केल एकास पाच. नलिनीसारखे चौकोन नाहीत. षटकोन. एकूण अठ्ठेचाळीस. मधमाश्यांनासुद्धा कळतं ते बायकांना कळत नाही.

समोरच्या रत्नप्रभा राणे दुधाची पिशवी द्यायला आल्या. ड्रॉइंग दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, पयल्यांदाच शिवतास ना? मग सरळ चौकोन घेवा. ह्या तुमका जमाचा नाय." मालवणी माणूस नवीन कल्पनेला घाबरतो. जाताना दारातून परत वळल्या. "आणि दोरो खाली टाकू नकात हां. मांजार गिळात."

मांजरं दोन. मथुरा ही तिरंगी, लठ्ठ, वय आठ. पोपट हा वर्षाचा बोका, शेपटी वाकडी. पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडला, नलिनीने उचलून आणला. त्याला पोपट का म्हणते, विचारलं तर म्हणते, बोलतो तो माझ्याशी. मला मांजरं आवडत नाहीत. पण त्यांना मी आवडतो, त्याला इलाज नाही. मी हॉलमध्ये आलो की दोघं उठून उभी राहतात आणि आत जातात. शिस्त.

दुपारी ४.००

कापड निवडलं. नलिनीच्या कपाटात वरच्या फळ्यांवर सिंथेटिकचा ढीग. सगळ्यात खाली मलमलीत गुंडाळलेली एक जुनी नऊवारी मिळाली, डाळिंबी काठाची, पांढरट. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. एवढी चांगली वस्तू सात-आठ डांबरगोळ्या घालून तळाशी कोंबायची! घर कसं चालतं बघा. साडीला सेफ्टी पिनने घडी केलेली चिठ्ठी लावली होती, बहुतेक लाँड्रीची. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मापं लिहून घेतली. बाजू ७.५, नग ४८.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०

आंघोळ, चहा, व्यायाम (खांदे). आज गोधडी पूर्ण करायची, संध्याकाळी फोटो काढायचा. फोटो इरावतीबाईंना थेट पाठवायचा नाही. फॅमिली ग्रुपवर टाकायचा, म्हणजे दिसेलच.

सकाळी ८.४५

कटिंग झालं. जुनं कापड सरकतं. षटकोन अठ्ठेचाळीसच, पण त्यातले अकरा पंचकोनाकडे झुकलेत. उरलेली साडी आतल्या थरांसाठी फाडली. फाडताना फार गोड आवाज येतो. मथुरा कपाटावर बसून बघत होती. मलमलीचं फडकं खाली पडलं, त्यावर जाऊन बसली आणि उठेना.

सकाळी १०.२०

सुईत दोरा ओवला. सुईचं नाक मुद्दाम लहान करतात, दुसरं काय. पस्तीस मिनिटं गेली. एकदा ओवल्यावर परत ओवायला लागू नये म्हणून तीन मीटर लांब दोरा घेतला. नलिनी हातभर दोरा घेते आणि सारखी उठबस करते. वेळेचं नियोजन नाही.

सकाळी ११.३०

तीन मीटर दोऱ्याला गाठी बसल्या. गाठी कापून खाली टाकल्या. पोपट त्यांच्याशी खेळतोय. करमणूक म्हणून ठीक आहे. कामाच्या जागी थोडं हलकं वातावरण असावं.

दुपारी १.१५

जेवण नाही. एकाग्रता. नऊ षटकोन जोडले. जोडल्यावर मध्ये एक फुगवटा येतो, बशीसारखा. ड्रॉइंगमध्ये फुगवटा नाही. म्हणजे चूक कापडाची.

बोटांना चार ठिकाणी टोचलं. नलिनीच्या डब्यात पितळी अंगुस्तान आहे, पण ते बायकांच्या बोटाचं.

दुपारी ३.४०

षटकोन बंद. व्यवहारी माणूस अडून बसत नाही. सगळे तुकडे खालच्या थरावर जसे बसतील तसे ठेवले आणि वरून धावदोरा घालतोय. लांबून बघितलं तर आधुनिक वाटतं. कडा उसवू नयेत म्हणून मधूनमधून फेव्हिकॉल.

पोपट मांडीवर आला. पहिल्यांदाच. कामाची ओढ प्राण्यालाही कळते. दोऱ्याचं टोक चावत बसला. मी टाका घालतो, त्यामागे त्याचं तोंड. बरीच मदत झाली. रिळातून किती दोरा गेला त्याचा हिशेब लागत नाही, पण मोठ्या कामात एवढं धरायचंच.

संध्याकाळी ६.३०

आजचं काम थांबवलं. एक चतुर्थांश झालं. पाकिटात सुया सहा होत्या, आता पाच आहेत. सापडेल. फोटो उद्या.

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.००

नलिनीचा फोन. आवाज खूश. पहिल्यांदा मांजरांची चौकशी केली, मग म्हणाली, अहो, एक काम कराल का? कपाटात सगळ्यात खाली मलमलीत आईची नऊवारी आहे, डाळिंबी काठाची. बारशाला येताना घेऊन या. नाव सांगताना बाळाला त्यावर ठेवायचं आहे. आईची इच्छा होती. चिठ्ठी लावलेली आहे तिला, ती काढू नका.

मी म्हटलं, बघतो.

म्हणाली, "बघतो नको ना. आणाल ना नक्की? मी दुसरं काहीच मागत नाहीये."

मी म्हटलं, आणतो. हे खरं आहे. साडी मी आणणारच आहे.

सकाळी ११.४०

चिठ्ठी उघडून वाचली. शाईचं अक्षर, सासूबाईंचं. "माझ्या पहिल्या पतवंडाला. नेसायची नाही, पांघरायची." मागे माझं बाजू ७.५, नग ४८. बॉलपेन. खोडरबराने घासलं तर कागद विरतोय.

दुपारी २.००

शांतपणे विचार केला. सासूबाईंना पांघरूणच हवं होतं. मी पांघरूणच शिवतोय. म्हणजे त्यांची इच्छा सर्वांत आधी मला समजली, चिठ्ठी न वाचता. आमचं दोघांचं पहिल्यापासून जमायचं. माझ्याशी त्या कधी एका शब्दाने वाद घालत नसत. मी खोलीत आलो की देवाचं वाचायला घेत.

नलिनीला आत्ता सांगायचं नाही. सरप्राइझ.

७ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.००

अर्धी झाली. फुगवटे पाच. हातात धरली तर थोडी टोपलीसारखी उभी राहते. बाळाला उबेला चांगलं.

पोपट कालपासून जेवला नाही. तीनदा ओकला, दोनदा ड्रॉइंगवर. सोफ्याखाली जाऊन बसलाय. मी दुर्लक्ष करतो. नलिनीने त्याला लाडावून ठेवलंय, प्रत्येक उलटीला धावते.

८ जानेवारी, बुधवार. सकाळी ९.१५

पोपटच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरा दोरा लोंबत होता. ओढला. चारेक इंच आला, मग तो असा ओरडला की खालचे लोक गॅलरीत आले. उरलेला कात्रीने तोंडाशी कापून टाकला. आता काही दिसत नाही. व्यवस्थित.

संध्याकाळी ६.००

गोधडी पूर्ण! सलग सात तास. पाठ गेली. एका बाजूने ९० सेंटिमीटर, समोरच्या बाजूने ७१. फोटो काढले. जवळून, म्हणजे कडा येत नाहीत. ग्रुपवर टाकला नाही, सरप्राइझ आहे.

पोपट पाणीसुद्धा पीत नाही. उद्यापर्यंत बघू. मथुरा त्याला चाटत बसली आहे. माझ्याकडे बघते, डोळे मिटत नाही.

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी ३.००

सकाळी रत्नप्रभाबाई वाटी परत करायला आल्या. पोपटला सोफ्याखालून काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, चपला घाला." रिक्षात त्याला पदरात धरून बसल्या होत्या. मला वाटलं, एवढं नाटक एका बोक्यासाठी.

मुलुंड पश्चिमेला प्राण्यांच्या डॉक्टर आहेत, डॉ. मानसी. वय तीस असेल. तोंड उघडून बघितलं. जिभेखाली दोरा अडकलाय, उरलेला आतड्यापर्यंत गेलाय, म्हणाल्या. बाहेरून कुणी ओढला का? कापला कुणी? ओढल्यामुळे आतडं गोळा होऊन चिरत जातं. पुढे सुई होती का?

एकदम तीन प्रश्न. मी गोंधळलो आणि म्हटलं, ह्या शेजारच्या बाईंनी कापला.

रत्नप्रभाबाई तिथेच उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं. डॉक्टर त्यांना फार बोलल्या, एवढं मोठं माणूस असून, वगैरे. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. पोपट त्यांच्या हातात होता, त्यामुळे बहुतेक हलता आलं नाही. मी नंतर त्यांना समजावणार होतो.

सुईचं मात्र मी खरं सांगितलं. एक कमी आहे.

आता एक्स-रे काढतायत. बाकावर बसून लिहितोय. परिस्थिती अशी: सुई एक तर बोक्यात आहे, नाहीतर गोधडीत. बोक्यात असेल तर ऑपरेशन होईल, सुई निघेल, गोधडी निर्धोक. गोधडीत असेल तर तीन दिवसांत बारसं आणि सगळे थर फेव्हिकॉलने चिकटलेले. मी देवाला फार त्रास देत नाही. आज एवढंच मागितलं की सुई पोपटमध्ये असावी.

दुपारी ४.१०

वाईट बातमी. बोक्यात सुई नाही.

संध्याकाळी ७.००

ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढावा लागला. जगेल म्हणतात. रत्नप्रभाबाईंनी नलिनीला फोन करून कळवलं होतं. मला न विचारता.

परत येताना त्यांनी दुसरी रिक्षा केली.

नलिनीचा मला फोन आला. पोपटचं विचारलं. मग म्हणाली, "दोरा रत्नप्रभाने कापला?" मी म्हटलं, तसं काहीतरी. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. मग तिकडून अगदी स्पष्ट ऐकू आलं, "ठेवते."

१० जानेवारी, शुक्रवार. दुपारी १२.००

शास्त्रीय तपासणी. फ्रिजवरचं महाबळेश्वरचं मॅग्नेट काढून गोधडीवरून इंच इंच फिरवलं. दोन्ही बाजूंनी. कुठेही चिकटलं नाही. म्हणजे सुई नाही. मॅग्नेट पुन्हा फ्रिजला लावलं तर तिथेही चिकटत नाही, खाली पडतं, पण तो मुद्दा वेगळा.

मथुरा समोर रत्नप्रभाबाईंकडे गेली. दार उघडं होतं, सरळ पॅसेज ओलांडला. पोपटलाही दवाखान्यातून त्याच घेऊन आल्या. मी बेल वाजवली, म्हटलं, आमची मांजरं. त्या म्हणाल्या, "नलूताईन सांगल्यानी, हयच ठेव." दार लावलं. जोरात नाही लावलं. जोरात लावलं असतं तर मला बोलता तरी आलं असतं.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी ३.३०

बारसं झालं. जसं झालं तसं लिहितो.

नाव श्रुतिका. मी ग्रुपवर श्यामा, श्यामली, श्यामिनी अशी यादी पाठवली होती. श घेतला माझा. कुणी तसं बोललं नाही, पण घेतला.

हॉलमध्ये पाळणा सजवलेला. वीस-पंचवीस माणसं. नलिनी पुढे आली आणि हळूच विचारलं, साडी आणलीत? मी म्हटलं, उघड. बॉक्सला सोनेरी कागद मी स्वतः लावला होता, कडा पंचेचाळीस अंशांत. तिने उघडला. मी दोन शब्द बोललो. षटकोनाची ताकद, मधमाशी, इंजिनिअरिंग आणि परंपरा यांचा मेळ. मिहिर मध्येच टाळ्या वाजवायला लागला, मग थांबला. इरावतीबाई म्हणाल्या, "छान आहे हं. पायपुसणं का?" त्यांना कळत नाही.

नलिनीने काठ ओळखला. काठाचे नऊ तुकडे नऊ दिशांना होते. ती एकेक तुकडा बोटाने बघत गेली, जसं कुणी दुखलेल्या माणसाला चाचपतं. मग सबंध तळहात ठेवून गोधडीवरून फिरवला. मध्याजवळ हात थांबला. हात उचलला तेव्हा कापडावर लाल ठिपका पडला होता.

तिने सुई दोन बोटांत धरून ओढून काढली. आख्खी. सगळ्यांना दिसली.

स्वरदाने बाळाला पाळण्यातून उचललं. पाळण्यात गोधडी नव्हतीच, तरी उचललं आणि आतल्या खोलीत गेली. मी म्हटलं, मॅग्नेटने तपासली होती. कुणीतरी हसलं. नलिनीने विचारलं, "चिठ्ठी?" मी पाकिटातून काढून दिली. तिने वाचली, उलटी केली, माझी मापं वाचली, परत सुलटी केली.

नंतर बाळाला इरावतीबाईंच्या रजईवर ठेवून नाव सांगितलं. घुगऱ्या छान होत्या.

किचनमध्ये स्वरदाने मला गाठलं. "बाबा, आई तुम्हाला एक शब्द बोलली नाही. ते कळतंय का तुम्हाला?" कळतंय. नलिनी निःशब्द झाली होती. स्वरदा म्हणाली, "तुम्ही निघा आता." ट्रॅफिकची काळजी असणार, कांदिवली ते मुलुंड लांब पडतं.

१५ जानेवारी, बुधवार. सकाळी १०.००

नलिनीचा फोन नाही. बाळाचं करण्यात गुंतली असेल. काल संक्रांत होती, तिळगूळ कुणी दिला नाही. रत्नप्रभाबाईंच्या दारात चपला होत्या बऱ्याच. आतून पोपटचा आवाज आला. खरंच बोलतो तो.

ठरवलं: दुसरी गोधडी. या वेळी चौकोन. सुया मोजून. नलिनीच्या दुसऱ्या साड्यांना हात लावायचा नाही, माझे शर्ट वापरायचे. पहिली म्हणजे प्रोटोटाइप.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपारी ४.००

शर्ट काढले. कापले नाहीत. अंगात बनियनच राहील.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६.००

नलिनी आली. मिहिर बरोबर होता. मला वाटलं राहायला आली. मी म्हटलं, बरं झालं, गिझर बिघडलाय.

ती हॉलमध्ये जमिनीवर बसली, पिशवीतून गोधडी काढली आणि छोट्या कात्रीने उसवायला लागली. मी म्हटलं, थांब, कुठून सुरू करायचं ते दाखवतो. तिने मान वर केली नाही. चिकटलेल्या जागी ओलं फडकं ठेवायची, वाट बघायची, मग अलगद सोडवायची. माझे चार दिवस तिने पाऊण तासात उसवले. तुकडे काठाला काठ लावून रचले, चिठ्ठी वर ठेवली, आणि मथुरा ज्यावर बसायची त्या मलमलीत बांधले. फडकं तिला न शोधता सापडलं.

मग कपाटातल्या सगळ्या साड्या दोन बॅगांत भरल्या. शिवणाचा डबा घेतला. समोर जाऊन रत्नप्रभाबाईंना मिठी मारली, दोघी बराच वेळ उभ्या होत्या. मी दारातून म्हटलं, त्या दिवशी जरा गैरसमज झाला. कुणी वळलं नाही. मांजरं टोपल्यांत घातली. पोपटच्या पोटावर टाके होते, एका ओळीत.

मी विचारलं, कधी येणार परत?

म्हणाली, "बाळ मोठं झालं की."

किती मोठं, विचारलं. मिहिर हसायला लागला, तिच्याकडे बघितलं आणि थांबला.

जायच्या आधी तिने स्वतःच्या किचनमध्ये चहा केला. दोन कप. एक तिने घेतला, एक मिहिरला दिला. दोघं उभ्यानेच प्यायले. कप धुऊन पालथे घातले आणि गेली.

साखर संपली असेल, मला वाटलं.

डबा उघडून बघितला. काठोकाठ आहे.